विमा फक्त ॲडमिट झाल्यावरच का? मानसिक आजारात आधीच्या उपचारांचा खर्च कंपन्यांना बंधनकारक करता येईल का?

प्रश्न असा आला आहे: माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे. आतापर्यंत दोनदा दाखल करावं लागलं आणि दोन्ही वेळा विमा कंपनीने बिलाचा बराचसा भाग दिला. पण मधल्या काळातल्या गोळ्या, डॉक्टरांची फी, रक्ततपासण्या, समुपदेशन यांतलं काहीच मिळत नाही. तो बरा राहावा म्हणून होणारा खर्च आमचा आणि तो बिघडला की खर्च कंपनीचा, हे उलटं नाही का? कायद्याने हे बंधनकारक करता येणार नाही का?

ताई, उलटंच आहे. भावाला दाखल केल्यावरचा खर्च द्यायला कायदा आज विमा कंपनीला भाग पाडतो. दाखल करायची वेळच येऊ नये म्हणून जो खर्च होतो, तो मात्र कंपनीवर बंधनकारक नाही. करता येईल का? नक्की येईल, आणि त्यासाठी संसदेत नवा कायदा आणायचीही गरज नाही. विमा नियामक म्हणजे आयआरडीएआय नियमावलीत दुरुस्ती करून हे करू शकतं. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो आणि टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थांचे, फॉर्म स्वतः भरतो. हा प्रश्न माझ्यासमोर दर आठवड्याला येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा येईपर्यंत बहुतेक पॉलिसींमध्ये ज्या गोष्टींना पैसे मिळणार नाहीत त्यांच्या यादीत मानसिक आजार सरळ लिहिलेला असायचा. या कायद्याच्या कलम २१(४) ने सांगितलं की शारीरिक आजारांसाठी ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारांच्या उपचारांची तरतूद केली पाहिजे. कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि १६ ऑगस्ट २०१८ ला आयआरडीएआयने कंपन्यांना तसं परिपत्रक काढलं. सप्टेंबर २०१९ मध्ये, कोणते आजार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत याचे नियम केले, त्यातही मानसिक आजार, ताण आणि मानसशास्त्रीय विकार यांचा स्पष्ट उल्लेख आला. तरी टाळाटाळ सुरूच राहिली. स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर असलेल्या एका महिलेचा क्लेम नाकारला गेला तेव्हा तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. एप्रिल २०२१ मध्ये न्या. प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला की कायदा लागू झाला त्या दिवसापासून कंपन्या त्याला बांधील आहेत. कंपनीला क्लेमचे पैसे आणि वर खटल्याचा खर्च द्यायला लावला. एवढं होऊनही ऑक्टोबर २०२२ मध्ये आयआरडीएआयला पुन्हा परिपत्रक काढून महिनाअखेरची मुदत द्यावी लागली. तुमच्या भावाची दोन्ही बिलं मंजूर झाली, त्यामागे एवढी ओढाताण आहे.

आता खरी गाठ. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. किमान २४ तास ॲडमिट असाल तर पैसे. त्याच्या आगेमागे थोडी मुदत मिळते. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ती दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस अशी आहे. बाकी वर्षभराची ओपीडी तुमची तुम्ही बघायची. कायदा म्हणतो शारीरिक आजारासारखंच वागवा. कंपनी म्हणते, बरोबर, अपेंडिक्सला ॲडमिट झाल्यावर देतो तसे मॅनियालाही (बायपोलरमधल्या अतिउत्साहाच्या झटक्यालाही) ॲडमिट झाल्यावर देतो. कागदावर समानता झाली.

पण अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं की विषय संपतो. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियाच्या उपचारांचा मोठा भाग घरी राहून, ओपीडीत येऊन, वर्षानुवर्षं चालतो. वॉर्डातले पंधरा-वीस दिवस हा त्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महागडा तुकडा. विमा नेमका तेवढ्याच तुकड्याला मिळतो. म्हणून माझं म्हणणं असं की आजची समानता ही फक्त संकटापुरती आहे. ज्या कायद्याने ती दिली, त्याच कायद्याचं कलम १८ मानसिक आरोग्यसेवा म्हणून काय काय मोजतं ते पाहा: बाह्यरुग्ण सेवा, हाफ-वे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवारा), आधारासह निवारा, घरी आणि वस्तीत मिळणारं पुनर्वसन. हे सगळं पुरवायची जबाबदारी कलम १८ सरकारवर टाकतं. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नुसता वॉर्ड नव्हता, हे त्यातून उघड होतं.

संकट टाळणारा उपचार म्हणजे नेमकं काय, हेही सांगतो. कारण ‘प्रिव्हेन्शन’ म्हटलं की कंपनीवाल्यांना योगा ॲप आणि तणावमुक्तीचं शिबिर आठवतं.

तुमच्या भावाला लिथियम, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध, चालू असेल तर त्याचंच घ्या. गोळी काही रुपयांची. पण ती नुसती घेऊन भागत नाही. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवावी लागते. कमी पडली तर आजार उलटतो, जास्त झाली तर विषबाधा. त्यासाठीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं असतं, म्हणजे रात्रीची गोळी घेऊन सकाळी, सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जायचं. सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं, किंवा कोणी अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणून दिली, तर पातळी अचानक वर जाते. हे सगळं सांभाळणारी ओपीडीची भेट असते. लिथियम हे आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांपैकी एक आहे, यावर जगभर दीर्घकाळचा पुरावा आहे.

गोळ्यांइतकंच महत्त्वाचं दुसरं काम म्हणजे धोक्याची पूर्वचिन्हं ओळखणं. प्रत्येक रुग्णाची चिन्हं वेगळी असतात. एका रुग्णाच्या पत्नीसोबत बसून आम्ही ती लिहून काढली होती, आणि तिने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला. तिच्या अक्षरात चारच ओळी: रात्री दोननंतर जागे. जुन्या मित्रांना एकामागून एक फोन. दिवसातून दोनदा दाढी. ‘मला आता गोळ्यांची गरज नाही.’ पुढे कधीतरी दुसरी ओळ दिसायला लागली तशी ती त्यांना घेऊन आली. मी डोस बदलला, झोपेचं औषध काही दिवसांसाठी वाढवलं, मालकाला फोन करून त्यांना रात्रपाळीतून काढायला सांगितलं. त्या आठवड्यात झोप परत आली आणि ॲडमिट करावं लागलं नाही. तेच महिनाभराने आले असते तर दोन-तीन आठवड्यांचा वॉर्ड, म्हणजे आमच्यासारख्या गावात लाखाच्या आसपास आणि पुण्या-मुंबईत त्याच्या दुपटी-तिपटीने बिल. वर त्या अवस्थेत काढलेली कर्जं आणि गेलेली नोकरी वेगळी. त्या एका भेटीचे पैसे मात्र त्यांना पॉलिसीतून मिळाले नाहीत.

औषध थांबलं तर काय होतं याचे आकडे आहेत. स्किझोफ्रेनियावरच्या ६५ चाचण्या एकत्र करून ‘लॅन्सेट’मध्ये २०१२ साली आलेला अभ्यास सांगतो की औषध चालू असलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, तर औषधाच्या जागी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी, मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. पुन्हा दाखल व्हावं लागलं ते अनुक्रमे १० आणि २६ टक्क्यांना. म्हणजे कंपनीच्या खात्यावर पडणारी बिलंसुद्धा औषध नियमित राहिलं तर निम्म्याहून कमी होतात.

सगळ्यात जास्त धोक्याचा काळ मात्र लोकांना अपेक्षित नसतो. तो असतो डिस्चार्जनंतरचा. मानसोपचार वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे, पहिले तीन महिने, यांत आत्महत्येचा धोका इतर कुठल्याही काळापेक्षा कितीतरी जास्त असतो. घरच्यांना वाटतं आता बरा झाला. रुग्ण मात्र नुसता सावरलेला असतो, आणि नोकरी, कर्ज, शेजाऱ्यांच्या नजरा या सगळ्याला आता भानावर येऊन तोंड देत असतो. या काळात आठवड्याला एक भेट, मधे एक फोन, एवढ्याने फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी साधारण तासभर नीट बोलणं झालं आणि पुढच्या १८ महिन्यांत फोन किंवा भेट असे नऊ संपर्क झाले. १८ महिन्यांनंतर पहिल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्या गटात ०.२. नऊ संपर्क! कुठल्याही पॉलिसीच्या बिलात अशा संपर्काला रकाना नाही.

गोव्याचंही एक उदाहरण द्यायलाच हवं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, एरवीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे हा महागड्या शहरी थेरपीचाच विषय आहे, असंही नाही.

आता टीपीएच्या टेबलावरचा पेच. समजा एक बाई तीव्र नैराश्याने आली. चार दिवस पोटात अन्न नाही, जगायचं नाही असं म्हणते, घरात लक्ष ठेवायला कोणी नाही. मी दाखल करतो. पण तिला ताप नाही, सलाइन नाही, बीपी आणि नाडी व्यवस्थित. केसपेपर टीपीएकडे जातो आणि उत्तर येतं: रुग्णाची प्रकृती स्थिर होती, उपचार ओपीडी तत्त्वावर शक्य होते, सबब दावा नामंजूर. ठीक, मग ओपीडीचे पैसे द्या. ते पॉलिसीत नाहीत! दोन्ही दारं बंद. अशा वेळी डॉक्टरवर दडपण येतं ते केसपेपरमध्ये रुग्ण आहे त्यापेक्षा वाईट दाखवण्याचं, आणि घरच्यांवर दडपण येतं ते खरोखर वाईट होईपर्यंत थांबण्याचं. मी हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, नियमच तसं वागायला लावतो.

आता कोणी म्हणेल, २४ तासांची अट सगळ्याच आजारांना आहे, मानसिक आजाराला वेगळी वागणूक कशी मागता? पण ती अट सगळ्यांना नाही. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, चार तासांनी घरी जातो, त्याला पैसे मिळतात. केमोथेरपी घेऊन माणूस संध्याकाळी घरी जेवतो, त्याला पैसे मिळतात. हे ‘डे केअर’मध्ये बसवलं गेलं, कारण त्या आजारांचा खरा उपचार असाच होतो आणि तो थांबला तर माणूस अत्यवस्थ होतो, हे सगळ्यांना पटलं. स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांच्या गोळ्या वरचेवर सुटतात त्यांना आम्ही महिन्यातून एकदा लांब पल्ल्याचं इंजेक्शन देतो. नर्स दंडात किंवा कमरेत देते, दहा मिनिटांत काम होतं. जुनी इंजेक्शनं स्वस्त आहेत, नवी महिन्याला काही हजारांची. महिनाभर औषध अंगात राहतं, घरात रोज गोळीवरून भांडण नाही. क्लोझापीनचं तसंच. इतर औषधांनी गुण न आलेल्यांना ते देतात, पण पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात म्हणून सुरुवातीच्या १८ आठवड्यांत दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि पुढेही ठरावीक काळाने तपासत राहायचं. ही इंजेक्शनं, या तपासण्या डायलिसिसच्याच न्यायाने डे केअरच्या यादीत घाला, एवढी मागणी आहे. कलम २१(४) मधली समानता इथपर्यंत आली तरच ती खरी.

आणि आपल्याकडे ओपीडीला विमा देणं अशक्य आहे, असं जे ऐकवतात तेही खरं नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना बघा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना तिच्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि त्यात ओपीडी, औषधं, तपासण्या, नियमित थेरपी हे सगळं बसतं. कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, ओपीडी आणि औषधं पहिल्यापासून आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसमध्येही आहेत. खासगी पॉलिसी घेणाऱ्यालाच ते सहसा मिळत नाही.

‘ओपीडीचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) घ्या ना वेगळा’ असं एजंट सांगतात. यासाठीच बंधन घालावं लागेल असं मी म्हणतो, त्याचं कारण विम्याच्या गणितात आहे. रायडर ऐच्छिक असला की तो प्रामुख्याने ज्याच्या घरी आजार आहे तोच घेणार. मग क्लेम भरमसाट येणार, कंपनी हप्ता वाढवणार, जरा बरे असलेले बाहेर पडणार, शेवटी रायडर बंद. दुसरं म्हणजे पॉलिसी पोर्ट करता येते. आज एखाद्या कंपनीने भावाच्या नियमित उपचारांवर खर्च केला आणि पुढच्या वर्षी तुम्ही कंपनी बदललीत, तर त्याला ॲडमिट न करावं लागल्याचा फायदा दुसऱ्याच कंपनीला. म्हणून एकटी कंपनी पहिलं पाऊल टाकणार नाही. सगळ्यांना एकाच दिवशी, सगळ्या पॉलिसींत हे घालायला लावलं तर दोन्ही अडचणी संपतात आणि भार सगळ्या विमाधारकांवर थोडा थोडा वाटला जातो.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे २००८ मध्येच समानतेचा कायदा झाला. तरीही पुढे युनायटेड बिहेवियरल हेल्थ या कंपनीवर खटला झाला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश जोसेफ स्पेरो यांनी म्हटलं की या कंपनीचे अंतर्गत निकष रुग्णाचं तातडीचं संकट शमवण्यावरच भर देतात आणि मूळ आजाराकडे दुर्लक्ष करतात. आपल्याकडचंच दुखणं. पुढे अपील न्यायालयाने तो निकाल बऱ्याच अंशी फिरवला, कारण पॉलिसीच्या करारात वैद्यकीय मानकं पाळायचं बंधन त्या प्रकारे लिहिलेलंच नव्हतं. पण दरम्यान कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०२१ पासून लागू. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की मानसिक आजार आणि व्यसनांच्या उपचारांचं संरक्षण अल्पकालीन किंवा तीव्र अवस्थेतल्या उपचारांपुरतं मर्यादित ठेवता येणार नाही, आणि आजार वाढू नये म्हणून केलेले उपचारही वैद्यकीय गरजेत मोडतात. असं एक वाक्य आपल्या नियमावलीत आलं तर न्यायालयात अर्थ लावत बसावं लागणार नाही.

कंपन्यांच्या हरकतींत तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ओपीडीत खोटी बिलं करणं सोपं असतं. कोणीही पाटी लावून समुपदेशक होतो आणि तासाचे दोन हजार घेतो. म्हणून सरसकट सगळ्या समुपदेशनाला विमा द्या अशी माझी मागणी नाही. सुरुवात ज्यांना आजार उलटण्याचा धोका ठरलेला आहे त्यांच्यापासून करावी: बायपोलर, स्किझोफ्रेनिया आणि तशा मनोविकृती, वारंवार येणारं तीव्र नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न झालेली व्यक्ती. त्यांना वर्षाच्या ठरावीक भेटी, औषधं, लांब पल्ल्याची इंजेक्शनं, लिथियम-क्लोझापीनच्या तपासण्या, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या किंवा प्रशिक्षित समुपदेशकाच्या देखरेखीखालच्या बैठका, डिस्चार्जनंतर तीन महिने पाठपुराव्याचे फोन. वर वार्षिक मर्यादा घाला. माझ्या अंदाजाने एका रुग्णाचं हे सगळं वर्षाला वीस ते तीस हजारांत बसतं, नवी इंजेक्शनं लागली तर जास्त. एका ॲडमिशनच्या बिलाशी ताडून पाहा.

दुसरी खरी अडचण माणसांची आहे. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, प्रमाण ०.७५ च्या आसपास. नुसतं संरक्षण देऊन गडचिरोलीत डॉक्टर उगवणार नाही. म्हणूनच गोव्यासारख्या पद्धतीने प्रशिक्षित समुपदेशकाच्या कामालाही पैसे मिळाले पाहिजेत. पैसे मिळायला लागले की माणसं या कामात येतील, टिकतील.

दोन गोष्टी याच नियमावलीत लगेच सुधारता येण्यासारख्या आहेत. एक, दारू आणि नशा. मानसिक आजाराच्या व्याख्येत २०१७ च्या कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. विम्याच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत मात्र व्यसन आणि त्याचे परिणाम आजही आहेत. आमच्या भागात आत्महत्येच्या प्रयत्नाने येणाऱ्या पुरुषांत दारूचा संबंध किती वेळा निघतो हे मला रोज दिसतं. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यांत सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. अशा राज्यात व्यसनाचा उपचार विम्याबाहेर ठेवणं परवडणारं नाही. दोन, स्वतःला करून घेतलेली इजा. अनेक पॉलिसींत तिचे पैसे मिळणार नाहीत असं कलम असतं. पण त्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं आणि सरकारने तिला उपचार आणि पुनर्वसन द्यावं. सरकार जिला रुग्ण मानतं तिला विमा कंपनी मुद्दाम नुकसान करून घेणारी ग्राहक मानते, हे चालू देऊ नये.

आता तुमच्यापुरतं, आज काय करता येईल ते.

भाऊ नोकरीत असेल तर कंपनीच्या ग्रुप पॉलिसीची पूर्ण प्रत मागून घ्या, नुसतं कार्ड नको. ग्रुप पॉलिसीत ओपीडीची मर्यादा बऱ्याचदा असते आणि एचआरलाही ती नीट माहीत नसते. तसंच एचआरला लेखी विनंती करता येते की पुढच्या नूतनीकरणात मानसोपचाराची ओपीडी घालावी. ग्रुप पॉलिसीत अटी वाटाघाटीने ठरतात, चार-पाच कर्मचाऱ्यांनी मिळून मागणी केली तर ऐकतात. त्याचा पगार ईएसआयच्या मर्यादेत असेल तर त्याला तिथली ओपीडी लागू आहे. कार्ड काढूनही न वापरणारे कितीतरी भेटतात.

पुढे कधी दाखल करावं लागलंच, तर डिस्चार्जनंतरच्या मुदतीतली प्रत्येक पावती जपा. फी, गोळ्या, लिथियमची पातळी, समुपदेशन, सगळं. डिस्चार्ज कार्डवर पुढच्या भेटींच्या तारखा आणि तपासण्या लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. ती नोंद असेल तर हा खर्च मूळ क्लेमला जोडून मागता येतो. बहुतेक कुटुंबं हे पैसे मागतच नाहीत, कारण कोणी सांगितलेलंच नसतं.

पॉलिसी नवी घेताना किंवा बदलताना आजार लपवू नका. एजंट सांगेल, लिहू नका म्हणून. आधीपासूनच्या आजाराला संरक्षण सुरू होण्याआधीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, आणि पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या वेळी हातातून जाते.

‘ओपीडीत उपचार शक्य होते’ असं पत्र आलं तर गप्प बसू नका. डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या: दाखल करण्याआधी काय करून पाहिलं, जिवाला कोणता धोका होता, घरी का ठेवता आलं नसतं. ते जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. एक महिना उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी नाही, आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. मी अशी पत्रं लिहितो आणि त्यांतले बरेच क्लेम मंजूर होताना पाहिले आहेत. लोकपालाकडे अशा तक्रारी जमा झाल्या, तरच नियामकाला हा प्रश्न किती मोठा आहे ते कळेल.

ज्यांच्याकडे खासगी पॉलिसीच नाही त्यांच्यासाठी: आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तेही दाखल झाल्यावरचंच. मधल्या काळातल्या गोळ्यांसाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. लिथियमसारखी आवश्यक औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. साठा नसेल तर तसं लेखी मागा. रात्री-अपरात्री भावाची चिन्हं दिसू लागली आणि डॉक्टर फोनवर मिळत नसतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र फोनवर वाट न बघता सरळ जवळच्या रुग्णालयात न्या.

आणि एक. भावाला लिथियम चालू आहे का, आणि असल्यास त्याची पातळी आणि क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सहा महिने उलटून गेले असतील तर या आठवड्यात करून घ्या. पैसे आज तुमच्याच खिशातून जातील. पावती नावानिशी घ्या आणि पॉलिसीच्या फाइलला लावून ठेवा.